अंधाराचे तास आणि कंदील

रिचार्जेबल कंदील घेताना आधी अंधाराचे तास मोजावेत, लुमेन मागाहून पाहावेत. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला लुमेनचा आकडा कंदिलाचा सर्वात झगझगीत उजेड सांगतो आणि त्याच्या शेजारी छापलेले तास सर्वात मंद उजेडाचे असतात. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत, पण शेजारी शेजारी छापल्यामुळे तसा समज होतो. गिर्यारोहणाच्या मोहिमांसाठी कंदील निवडणे, उघडणे, दुरुस्त करणे हे काम जे वर्षानुवर्षे करतात, त्यांच्याकडे परत येणाऱ्या कंदिलांबाबत ठरलेली तक्रार उजेड कमी पडल्याची नसते. पहाटेआधी विझल्याची असते.

सह्याद्रीतला हिवाळी मुक्काम हिशेबाला सोयीचा आहे. डिसेंबरात साडेसहाला काळोख पडतो आणि साडेसहा-सातला उजाडते, म्हणजे सुमारे बारा तास दिव्याचे. त्यातले दोन तास चुलीचे. भाजी चिरायची असते, तांदळातले खडे दिसायला हवे असतात, उकळते पातेले उतरवायचे असते. तिथे २०० लुमेन भरपूर होतात. जेवण आणि गप्पांचे दोन तास ५० लुमेनवर आरामात निघतात. उरलेले आठ तास रात्री उठणाऱ्याचा पाय तंबूच्या दोरीत अडकू नये एवढ्यापुरते, ५ लुमेन. सर्किटमधली आणि झाकणातली गळती धरून तयार कंदिलाकडून एका वॉटला साधारण १०० लुमेन मिळतात असे मानले, तर चुलीपाशी ४ वॉट-तास, गप्पांना १ आणि रात्रभराला ०.४ लागतात. एकूण साडेपाचच्या आत. ३००० मिलिअँपिअर-तासांच्या, १८६५० मापाच्या एका प्रामाणिक लिथियम-आयन सेलमध्ये जवळजवळ ११ वॉट-तास मावतात. म्हणजे पंचेचाळीस-सत्तेचाळीस ग्रॅम वजनाचा एकच सेल दोन रात्री काढतो. तोच कंदील सबंध संध्याकाळ ६०० लुमेनवर ठेवला तर दोन तासांच्या आत आटोपतो.

घरी वीज जाते तेव्हा हिशेब बदलतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. विजेचे खांब आणि तारा इतक्या पडल्या की रायगड आणि रत्नागिरीतली कित्येक गावे काही आठवडे अंधारात होती. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली ती काही तासांत परतू लागली. या दोन प्रसंगांना एकच दिवा लागू पडत नाही. शहरातल्या घराला दोन-चार तासांचा आणि लाईट गेल्याबरोबर हाताशी येणारा कंदील हवा असतो. वाडीवरच्या घराला वायरमन डीपीपर्यंत पोचेतो चार रात्री पुरेल एवढा साठा लागतो. संध्याकाळचे पाच तास १५० लुमेन आणि रात्रभर मंद उजेड धरला, तर रोजचे ८ वॉट-तास होतात, चार रात्रींचे ३२. १८६५० च्या भाषेत हे तीन सेल झाले.

या हिशेबात खरा खड्डा पाडतो तो मोबाइल. कंदिलाच्या बुडाशी यूएसबीचे तोंड दिसले की घरातला प्रत्येक जण आपली केबल आणतो. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या फोनच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास असतात. तो रिकाम्यापासून भरायचा तर रूपांतरातली तूट धरून कंदिलातून तेवीस-चोवीस वॉट-तास जातात, म्हणजे तीन रात्रींचा उजेड एका फोनमध्ये ओतला जातो. फोनसाठी वेगळी पॉवर बँक ठेवावी आणि कंदील कंदीलच राहू द्यावा. वादळाच्या दिवसांत फोन महत्त्वाचाच असतो, आणि म्हणूनच त्याची सोय स्वतंत्र हवी.

मिलिअँपिअर-तासांचा आकडा एकटा वाचला तर फसवतो. त्याला सेलच्या व्होल्टने गुणावे लागते. १०,००० मिलिअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॉट-तास. दुसरी फसवणूक अधिक सरळ आहे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चांगल्या १८६५० सेलची क्षमता ३५००-३६०० च्या आसपास थांबते, तरीही ९९०० किंवा १२००० छापलेले सेल राजरोस विकले जातात. ते ओळखायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. तीस ग्रॅमचा भरला तर आत माल नाही. कंदील घेतानाही हाच निकष चालतो. मोठे अंग, मोठा आकडा आणि हातात पोकळ लागणारे वजन असे एकत्र आले की तो कंदील परत ठेवावा. सेलवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे का, हेही पाहावे.

सेलचा प्रकार कंदिलाचे आयुष्य ठरवतो. जुन्या इमर्जन्सी लाइटमध्ये शिशाची, सहा व्होल्टची आणि साडेचार अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी असे, अजूनही असते. ती स्वस्त आहे आणि गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, पण रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते आणि ती पुन्हा पुरती भरत नाही. माळ्यावर ठेवलेला दिवा ऐन पावसाळ्यात दहा मिनिटांत लाल होतो तो यामुळे. लिथियम-आयन सेल हलका आहे, पिशवीत न्यायला त्याच्याइतका चांगला दुसरा नाही, मात्र तो उन्हाळ्यात पूर्ण भरून कपाटात ठेवला की लवकर म्हातारा होतो. घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल उत्तम. तेवढ्याच ऊर्जेला तो वजनाने आणि आकाराने मोठा पडतो, पण दोन हजारांच्या घरात वेळा भरता येतो आणि गरम होऊन भडकण्याची भीती त्यात पुष्कळ कमी असते. डोंगराला लिथियम-आयन आणि घराला फॉस्फेट, अशी विभागणी अनुभवाने बरोबर ठरली आहे. दोन्हीकडे एक अट कायम ठेवावी: सेल बदलता आला पाहिजे. ज्याचे बूड चिकटवून बंद केले आहे तो कंदील कितीही देखणा असला तरी त्याचे आयुष्य आतल्या सेलइतकेच, म्हणजे तीन-चार वर्षांचे.

उजेडाच्या रंगाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि रात्रभर त्याचा त्रास सोसतात. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड दुकानात जास्त प्रखर वाटतो. तंबूत तोच डोळ्यांना टोचतो, किडे गोळा करतो आणि माणसांचे चेहरे राखेसारखे करून टाकतो. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड कंदिलाच्या जुन्या ज्योतीच्या जवळचा आहे. ओगलेवाडीच्या कारखान्यातल्या काचा लावलेल्या कंदिलांखाली ज्यांनी अभ्यास केला त्या पिढीला तो ओळखीचा वाटतो. रंग खरे दिसण्याचा निर्देशांक ९० च्या वर असलेला एलईडी मिळाला तर जरूर घ्यावा. जखम किती लाल आहे, सुजेवर काळेनिळे चढते आहे का, भातावर फिरतो तो किडा की जिऱ्याचा दाणा, हे कमी प्रतीच्या उजेडात समजत नाही.

डोंगरावर झगझगीत कंदिलाचा एक धोका आहे आणि तो नवख्यांना आवर्जून सांगावा लागतो. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ मुक्काम असताना मधोमध ८०० लुमेनचा कंदील टांगला, की त्या वर्तुळाबाहेरचा अंधार डोळ्यांना दुप्पट दाट होतो. डोळे काळोखाला पुरते सरावायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. प्रखर दिव्याकडे एकदा पाहिले की ते सगळे वाया. वर्तुळातून उठून चार पावले बाहेर गेलेल्या माणसाला पुढची जमीन दिसत नाही, आणि तिथे ती संपलेली असू शकते. म्हणून बसायला मंद कंदील आणि चालायला डोक्यावरचा टॉर्च, ही जोडी हवी. कंदील टांगावा तोही डोक्याच्या वर, किंवा मग जमिनीवर दगडाच्या आडोशाला. नजरेच्या पातळीवर कधी नाही.

मे महिन्याच्या अखेरीस भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत काजवे पाहायला गर्दी होते तेव्हा पांढरा कंदील तर बाहेर काढूच नये. काजव्याची लुकलुक म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण असते आणि आपल्या उजेडात ती बुडते. वर्षातले त्यांचे दिवस फार थोडे. गडद लाल कागद लावलेला, जमिनीकडे तोंड केलेला, अगदी मिणमिणता दिवा एवढाच तिथे क्षम्य आहे.

दुकानात कंदील हातात आला की बटण दाबून पाहावे. पहिल्या दाबाला मंद उजेड लागणारा कंदील निवडावा. पहिल्या दाबाला डोळे दिपवणारा आणि बंद करायला लुकलुक, एसओएस असे सगळे टप्पे ओलांडायला लावणारा कंदील झोपलेल्या तंबूत शिक्षा आहे. मग कंदील सर्वात मंद टप्प्यावर ठेवून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर उजेड सेकंदात कित्येकदा चालू-बंद करून मंद केला आहे. वाचताना काहींना त्याने डोके चढते. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सोसणारा, आयपी६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारा. कोकणातल्या पडवीला पहिले पुरते. सततच्या पावसात चालायचे असेल तर दुसरे पाहावे, पण चार्जिंगच्या तोंडावरचे रबराचे झाकण नीट बसले नाही तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

टाइप-सी तोंडाचीही परीक्षा घ्यावी. कित्येक स्वस्त कंदील जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलने भरतात, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने अजिबात भरत नाहीत. कंदील बिघडलेला नसतो. समोरच्या चार्जरला ‘इथे वीज हवी आहे’ असे कळावे म्हणून त्या तोंडाशी ५.१ किलो-ओहमचे दोन रोध (रेझिस्टर) लावायचे असतात आणि काही पैसे वाचवायला ते गाळलेले असतात. ज्याचा हात बारीक झाळकामाला बसला आहे तो हे दोन रोध नंतर बसवू शकतो. बाकीच्यांनी पिशवीत जुनी केबल विसरू नये.

आपल्या गरजेप्रमाणे कंदील बदलून घेण्याच्या कामात सर्वात फायद्याचा बदल म्हणजे जुन्या इमर्जन्सी लाइटला नवी बॅटरी. अंग भक्कम असते, दांडी असते, घरच्यांच्या हाताला सवय असते. सुरुवातीलाच एक इशारा. भिंतीतल्या सॉकेटला थेट लागणाऱ्या अनेक स्वस्त दिव्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टची वीज एका कपॅसिटरमधून उतरवून सरळ बॅटरीला दिलेली असते. असा दिवा पिन लावलेली असताना उघडणे म्हणजे उघड्या तारेला हात लावणे. पिन काढल्यावरही तो कपॅसिटर काही काळ झटका देऊ शकतो. ज्याला या गोष्टींची माहिती नाही त्याने इथून पुढचे काम जाणकाराकडे द्यावे.

सहा व्होल्टची शिशाची बॅटरी पाऊण किलोच्या आसपास असते. तिच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३२७०० मापाचे दोन सेल एकापुढे एक जोडले की ६.४ व्होल्ट होतात. दिव्याची मूळ सर्किटची पाटी बहुधा तशीच चालते, वजन तीनशे ग्रॅमच्या आत येते आणि सहा अँपिअर-तासांचे सेल असतील तर ३८ वॉट-तास मिळतात. जुना चार्जर मात्र काढून टाकायचा. शिशाच्या बॅटरीला थोडे जास्त भरले तर ती पाणी गमावते. लिथियमला ती सवलत नाही. ७.३ व्होल्टला नेमका थांबणारा चार्जर घ्यावा. सेलवर पहारा ठेवणारी संरक्षक पाटी फॉस्फेटसाठीचीच मागून घ्यावी. लिथियम-आयनची पाटी दिसायला हुबेहूब असते, दुकानदार बिनदिक्कत तीच देतो, आणि ती प्रत्येक सेलला सव्वाचार व्होल्टपर्यंत चढू देते, जिथे फॉस्फेटची हद्द ३.६५ आहे. चार व्होल्टच्या छोट्या शिशाच्या बॅटरीच्या जागी एक लिथियम-आयन सेल कोंबण्याची युक्ती बऱ्याच ठिकाणी चालते. जुने सर्किट तसेच ठेवून ती केली तर आग लागू शकते.

सेलला थेट झाळू नये. डाग धरेपर्यंत मिळणारी उष्णता आतल्या पडद्याला सोसत नाही. आधीच निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्ड केलेले सेल आणावेत, किंवा स्प्रिंगचा सेलधारक बसवावा. धारक बरा, कारण पुढे सेल बदलायला झाळणी लागत नाही. धन टोकाजवळ फ्यूज घालावा, तारा अंगाला घासतात तिथे हीट श्रिंकची नळी चढवावी.

एका सेलच्या छोट्या कंदिलात चार्जिंगचे काम बहुधा ४०५६ क्रमांकाची आठ पायांची चिप करते. तिच्याशेजारी ‘१२२’ छापलेला तांदळाच्या कणीएवढा रोध दिसतो. तो १.२ किलो-ओहमचा असतो आणि भरण्याचा प्रवाह १ अँपिअरवर ठेवतो. सेल निम्मा रिकामा असताना ही चिप दीड वॉटच्या आसपास उष्णता टाकते, आणि बंद प्लास्टिकच्या अंगात ती नेमकी सेलला लागून बसवलेली असते. तिथे २.४ किलो-ओहमचा रोध लावला की प्रवाह अर्ध्या अँपिअरवर येतो. भरायला दुप्पट वेळ लागतो, पण रात्रभर भरत ठेवायच्या कंदिलाला घाई नसते, आणि सेल गार राहतो. याच पाट्यांवरची संरक्षक चिप सेलला २.४ व्होल्टपर्यंत उतरू देते. हे सेलच्या तब्येतीला फार खाली आहे. उजेड ढासळू लागला की कंदील बंद करून भरायला लावावा, शेवटचा थेंब पिळू नये.

झाकणावरचे बदल सोपे आणि लगेच दिसणारे. नाटकाच्या प्रकाशयोजनेला वापरतात ते अंबर रंगाचे जिलेटिन आतून लावले की थंड पांढरा उजेड ऊबदार होतो. थोडा उजेड जातो, तो जाऊ द्यावा. एलईडीचे ठिपके डोळ्यांत घुसत असतील तर ट्रेसिंग पेपरचा एक थर पुरतो. ऐनवेळी काहीच नसेल तर पाण्याने भरलेल्या दुधी रंगाच्या कॅनला टॉर्च टेकवून ठेवावा; सबंध कॅन उजळतो.

अंधारात कंदील सापडणे हा उजेडाचाच भाग आहे. त्यासाठी सेलवर लाल रंगाचा छोटा एलईडी आणि त्याला जोडून १०० किलो-ओहमचा रोध बसवावा. प्रवाह वीस मायक्रोअँपिअरच्या आसपास जातो. एवढ्याने ३००० चा सेल रिकामा व्हायला सतरा वर्षे लागतील, त्याआधी तो वयानेच संपेल. मिट्ट काळोखात हा ठिपका खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. ज्यांना उघडाउघड करायची नाही त्यांनी दांडीवर रेडियमची पट्टी चिकटवावी, मात्र तिला दिवसा उजेड मिळायला हवा.

माथ्यावर सौर पॅनल असलेल्या कंदिलांबद्दल फार आशा ठेवू नये. तळहाताएवढे पॅनल कडक उन्हात सुमारे एक वॉट देते. पाच तासांत पाच वॉट-तासही हाती येत नाहीत. ज्या दिवसांत वीज जाते त्या दिवसांत आभाळ भरलेले असते. शिवाय पॅनल भरावे म्हणून आख्खा कंदील उन्हात ठेवला जातो आणि आतला सेल पंचेचाळीस अंशांच्या वर तापतो. सौरऊर्जा हवीच असेल तर वेगळे पॅनल आणि लांब तार घ्यावी, कंदील सावलीत ठेवावा.

हिमालयातल्या मोहिमेसाठी पुण्या-मुंबईहून विमानाने जाणाऱ्यांनी सुटे सेल आणि पॉवर बँक केबिनच्या पिशवीत ठेवावेत; सामानाच्या पिशवीत त्यांना परवानगी नसते. प्रत्येकी १०० वॉट-तासांपर्यंतची मर्यादा कंदिलाच्या सेलला सहसा आडवी येत नाही. वर गेल्यावर शून्य अंशाखाली लिथियम सेल वापरता येतो, भरता मात्र येत नाही. रात्री तो झोपण्याच्या पिशवीत घ्यावा आणि सेल उबदार झाल्यावरच चार्जिंगला लावावा.

हंगाम संपला की लिथियम-आयन सेल निम्मा भरून ठेवावा. मेच्या मध्यावर, पावसाआधी, सगळे कंदील बाहेर काढून पूर्ण भरावेत आणि एक संध्याकाळ घरातले दिवे बंद करून त्यांच्यावरच काढावी. कोण किती तास टिकतो ते अंगावरच्या चिकटपट्टीवर तारखेसह लिहावे. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत स्प्रिंगांवर हिरवट गंज चढतो, तो बारीक पॉलिश कागदाने काढावा. रबराच्या कड्यांना सिलिकॉनचे ग्रीस लावावे. गेल्या वर्षीच्या निम्मे तासही न टिकणारा सेल बदलावा. फुगलेला सेल टोचू नये, भरू नये, घंटागाडीतही टाकू नये. त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे नवा सेल घेताना जुना परत घेता का, असे दुकानदाराला विचारावे.